टालर, टंच आणि राधानगरी

हुपरीत एक किलो चांदी समोर ठेवली तर कुणी भुवई उंचावत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणांवर जगतं. मुशीतली आटणी, पट्टी, तार, कड्या, झाळकाम, घुंगरू, पॉलिश अशी सगळी कामं गल्लोगल्ली वाटलेली आहेत, आणि कड्या जोडायचं काम तर घराघरांत बायकांच्या हातात आहे. तेव्हा किलोभर चांदी हे तिथलं साधं माप. तिचा हिशेब मात्र साधा नाही.

चोख चांदीची घनता १०.४९. म्हणजे किलोभर चांदी ९५ घन सेंटिमीटरांत मावते, चहाच्या एका कपात. हीच चांदी भोकांच्या पट्टीतून ओढत ओढत अर्ध्या मिलिमीटरच्या तारेपर्यंत आणली तर ४८५ मीटर तार निघते. समजा, या तारेच्या तीन मिलिमीटर व्यासाच्या कड्या करायच्या आहेत. एका कडीला साधारण साडेनऊ मिलिमीटर तार लागेल. किलोच्या झाल्या ५१ हजार कड्या. एक कडी दुसरीत अडकवायला पाच सेकंद धरले, तरी ७१ तास हवेत. आठ तासांचा दिवस म्हटला तर एका बाईचे नऊ दिवस. तेही मान न उचलता, चहा न पिता आणि पोराला हाक न मारता.

आता कापताना, घासताना उडणारा कीस बघा. सराफी कामाची धूळ विकत घेऊन, धुऊन, त्यातून धातू वेगळा काढणाऱ्या झारेकऱ्यांचा धंदा याच किसावर चालत आला. या धुळीतला एक मिलिग्रॅमचा कण उचलला, तर तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद भरेल. त्यात चांदीचे अणू किती? ५५८ वर सोळा शून्यं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त एकं, दहं, शतंपासून संख्यांची नावं दिली, ती परार्धाशी येऊन थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. म्हणजे त्या कणात ५६ परार्ध अणू आहेत आणि भास्कराचार्यांची यादी त्याच्या पुष्कळ आधीच संपलेली आहे. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत हा एक कण वाटला, तर माणशी ७० कोटी अणू येतील. झारेकरी असल्या कणाकडे ढुंकूनही बघणार नाही, कारण त्याला ग्रॅमवारी धातू हवा असतो.

एवढ्या बारकाईने चांदी हाताळणाऱ्या या गावाला चांदीचा भाव मात्र परक्या मापात मोजून मिळतो. जागतिक बाजारात चांदी बोलली जाते डॉलरमध्ये, तीही दर औंसाला, म्हणजे दर ३१.१ ग्रॅमला. तो भाव रुपयांत येतो, त्यावर आयात शुल्क चढतं, आणि मग हुपरीच्या पेढीवर किलोचा दर लागतो. यातली गंमत अशी की डॉलर हे मुळात चांदीचंच नाव होतं. त्याच्याही मागे गेलं तर लागतं जर्मन भाषेतलं एक अगदी साधं नाम, ज्याचा अर्थ ‘दरी’.

हे नाम आज जर्मनमध्ये टी, ए, एल अशा तीन अक्षरांत लिहितात आणि ‘टाल’ म्हणतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ते चार अक्षरांचं होतं. टीनंतर एक एच होता. उच्चार तेव्हाही ‘टाल’च. तो एच नुसता बसून होता.

१५१६ मध्ये बोहेमियाच्या डोंगरात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, चांदीची खाण लागली. तिथे वसवलेल्या गावाला नाव दिलं सांक्ट योआखिमस्टाल, संत योआखिमची दरी. काउंट श्टेफान श्लिक हा तिथला जमीनदार. त्याने तिथल्याच चांदीचे मोठे जड रुपये पाडायला सुरुवात केली. १५२० मध्ये बोहेमियाच्या सभेने त्याला तशी परवानगीही दिली. या नाण्याला लोक म्हणू लागले ‘योआखिमस्टालर’, म्हणजे योआखिमस्टालचा. बाजारात एवढं लांब नाव कोण घेणार? संताला गाळलं आणि ‘टालर’ उरलं. शब्दशः अर्थ एवढाच, ‘दरीतला’.

सुरुवातीला हजारभर वस्तीचं हे गाव १५३०च्या दशकात १८ हजारांवर गेलं आणि बोहेमियात प्राग सोडलं तर त्याच्याएवढं दुसरं मोठं शहर राहिलं नाही. वीस वर्षांच्या आत अठरापट. तरीही २०११ च्या जनगणनेतली हुपरी, २९ हजारांच्या आसपासची, भरभराटीतल्या योआखिमस्टालपेक्षा कितीतरी मोठी भरते. फरक एवढाच की हुपरीच्या जमिनीत चांदीचा कणही नाही. सगळी बाहेरून येते आणि घडून बाहेर जाते. योआखिमस्टालची चांदी संपली आणि गाव बसलं. आज याखिमोव्ह या चेक नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात तीन हजारही माणसं राहत नाहीत. जाता जाता त्याने एक चमत्कार मात्र केला. खाणकामगार चांदीच्या शोधात जो काळा दगड निरुपयोगी म्हणून फेकून देत, त्याच पिचब्लेंडच्या चोथ्याचे ढीग मारी आणि पिएर क्युरी यांनी पॅरिसला मागवले. कित्येक टन चोथा उकळून, गाळून १९०२ मध्ये मारीबाईंच्या हाती लागलं ते रेडियम क्लोराइड होतं एक दशांश ग्रॅम. झारेकऱ्यांच्या इतिहासात याहून मोठी धुलाई झाली नसेल.

नाणं गावापेक्षा चिवट निघालं. उत्तर जर्मनीत ते डालर झालं, हॉलंडमध्ये डाल्डर, इंग्रजांच्या तोंडी डॉलर. स्लोव्हेनियाने १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर चलनाला नाव दिलं तोलार. पॅसिफिक महासागरातल्या सामोआत आजही पैशाला ‘ताला’ म्हणतात, म्हणजे फिरून फिरून शब्द पुन्हा दरीच्याच जवळ आला. आज वीसहून अधिक देशांचं चलन डॉलर या नावाचं आहे, आणि त्यातल्या कुणालाही दरीचं सोयरसुतक नाही.

खुद्द जर्मनीत मात्र शब्दाच्या पोटातला एच निघाला. १८७६ मध्ये बर्लिनला शुद्धलेखनावर एक परिषद झाली होती, तिच्यातून काही निष्पन्न झालं नाही. १९०१ च्या जूनमध्ये दुसरी परिषद बर्लिनलाच भरली आणि तीन दिवसांत तिने ठरवलं की अस्सल जर्मन शब्दांतल्या टीनंतरचा मुका एच काढून टाकायचा. दरी, दार, प्राणी, अश्रू, सगळ्यांतून तो एका फटक्यात गेला. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ‘नांव’, ‘कोठें’, ‘घरांत’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार असेच पुसले गेले. आजोबांच्या पत्रात ते ठिपके अजून दिसतात. जर्मन घरांतल्या जुन्या पत्रांत तसा तो एच दिसतो.

परभाषेतून आलेल्या शब्दांना सूट मिळाली. सिंहासनासाठी जर्मनमध्ये जो शब्द आहे, ‘ट्रोन’, तो ग्रीकमधून आलेला; त्याचा एच शाबूत ठेवला. कैसरच्या आसनाला कात्री लावायला कोण धजेल? पुढे १९१८ मध्ये कैसर गेला, सिंहासन गेलं, एच तेवढा राहिला. टालरच्या नशिबात उलटं होतं. त्याचा एच १९०१ च्या निर्णयाने गेला आणि तीन मार्कांचं कायदेशीर नाणं म्हणून जुना टालरही १९०७ मध्ये चलनातून उतरला. धातू आणि अक्षर सहा वर्षांच्या अंतराने निवृत्त झाले.

नियम आला तरी आडनावं आणि शास्त्रीय नावं त्याला जुमानत नाहीत. रोझेंटाल, ब्लूमेंटाल ही घराणी आजही एच लावतात. पण सर्वांत मोठा बंडखोर म्हणजे निअँडरथल मानव. १८५६ मध्ये ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर दरीत त्याची हाडं सापडली. १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, ते तेव्हाच्या लेखनाप्रमाणे एच घालून. प्राणिशास्त्राच्या संकेताप्रमाणे पहिलं लेखन कायम राहतं, म्हणून जर्मनांनी दरीतला एच काढला तरी दरीतल्या माणसाचा निघाला नाही. आपण तर एक पाऊल पुढे गेलो. जर्मन माणूस जो एच कधी उच्चारत नव्हता, तो आपण ‘थ’ करून शाळेच्या पुस्तकात घातला. हा निअँडरथल पुढे हिशेबाला लागणार आहे.

आधी मुंबईकडे वळू. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा १७८० मध्ये वारली. तिच्या मुद्रेचा टालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर इतका मुरला होता की येमेन-इथिओपियातला व्यापारी दुसरं नाणं हातात धरेना. म्हणून ती गेल्यावरही नाणं पाडणं चालूच राहिलं, आणि प्रत्येकावर साल १७८० च. गंमत म्हणजे त्यावर ‘टालर’ हा शब्द कुठेच नाही. सगळा मजकूर लॅटिनमध्ये. व्हिएन्ना, रोम, पॅरिस, लंडन, बर्मिंगहॅम अशा अनेक टांकसाळींनी ते पाडलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी ही नाणी हवी झाली, तेव्हा १९४० आणि १९४१ मध्ये ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडली गेली. एकूण १,८८,६४,५७६.

एका नाण्याचं वजन २८.०७ ग्रॅम. चांदी दर हजारी ८३३, हुपरीच्या भाषेत ८३ टंच. म्हणजे चोख चांदी २३.३९ ग्रॅम. आता आपला तोळा ११.६६४ ग्रॅमचा, दोन तोळे झाले २३.३३. मेलेल्या सम्राज्ञीचा टालर म्हणजे केसभर जास्त दोन तोळे चोख चांदी! कुणी हे जुळवून आणलं नव्हतं, दोन वेगळ्या जगांतली मापं योगायोगाने एकमेकांना भिडली. हुपरीच्या सराफाला ते नाणं दिलं असतं तर त्याला कोष्टक बघावं लागलं नसतं.

मुंबईच्या त्या नाण्यांत मिळून ४४१ टन चोख चांदी होती. नाण्याचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर. एकाला एक चिकटवून ती जमिनीवर मांडली, तर रांग साडेसातशे किलोमीटर होते. मुंबईहून निघून कोल्हापूरला पोहोचते आणि परत मुंबईला येते. एकावर एक रचली तर उंची ४७ किलोमीटर, पाच एव्हरेस्टांहून जास्त. हे फक्त दोन वर्षांचं आणि एका टांकसाळीचं काम.

१७५१ पासून २००० पर्यंत जगभरात मिळून अशी सुमारे ३८ कोटी ९० लाख नाणी पाडली गेल्याचा अंदाज आहे. त्यांतली चोख चांदी भरते ९,१०० टनांच्या आसपास. अडीचशे वर्षं, अर्धा डझनावर टांकसाळी, तीन खंडांचा व्यापार, कॉफी, गुलाम, हस्तिदंत, युद्धं, आणि त्यातून ९,१०० टन. भारताने एकट्या २०२२ सालात चांदी आयात केली ती नऊ हजार टनांहून अधिक. म्हणजे सम्राज्ञीच्या अडीचशे वर्षांचा सगळा ऐवज आपण एका वर्षात उतरवून घेतला, आणि त्यातला मोठा भाग पैंजण, तोरड्या, जोडवी, करदोडे, ताटवाट्या यांच्यात आणि तिजोऱ्यांत जिरवला. त्यातलं किती हुपरीला आलं, किती आग्ऱ्याला, राजकोटला, सेलमला, हा हिशेब बाजूला ठेवू. नऊ हजार टनांची हुपरीच्या मापाने अर्ध्या मिलिमीटरची तार ओढली तर ती ४४ लाख किलोमीटर होते. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर. चंद्रापर्यंत पाच वेळा जाऊन परत यायचं, सहाव्यांदा जायचं, आणि तरी हातात एक लाखाहून जास्त किलोमीटर तार शिल्लक. मला यातलं चंद्राचं नवल कमी वाटतं. एवढी तार कुणीतरी कड्या-कड्यांनी जोडणार आहे, याचं जास्त वाटतं.

टालर असा चांदीतच राहिला, डॉलर मात्र चांदीला सोडून चालला होता. पण त्याआधी तो एकदा आपल्या जन्मभाषेच्या घरी गेला आणि त्याने घर उद्ध्वस्त झालेलं बघितलं. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत नोटा छापण्याचा कहर झाला. २० नोव्हेंबर १९२३ रोजी एका डॉलरची किंमत होती ४२,००,००,००,००,००० मार्क. आपल्या जुन्या नावांत सव्वाचार महापद्मांना थोडे कमी. जर्मन लोक याला ४.२ ‘बिलियोन’ म्हणत, कारण त्यांचा बिलियोन इंग्रजी बिलियनच्या हजारपट असतो. सोळा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे टालर तीन मार्कांना चालत होता, त्यांच्याकडे टालरच्या इंग्रजी नातवासाठी एवढे मार्क मोजावे लागत होते.

मोजावे हा शब्द शब्दशः घेऊ. सेकंदाला एक मार्क, झोप नाही, जेवण नाही. एका डॉलरचे मार्क मोजून संपायला लागतील १ लाख ३३ हजार वर्षं. १९२३ च्या नोव्हेंबरात मोजणी संपवायची असेल तर ती सुरू करायला हवी होती तेव्हा युरोपात आपल्या जातीचा माणूस वस्तीला नव्हता. होता फक्त निअँडरथल, तो एचवाला. त्याने मोजायला घेतलं असतं, आणि तो नामशेष झाला ४० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे तीस टक्के रक्कम मोजायची तेव्हाही उरलीच असती. ती आपण पुरी केली असती, आणि शेवटी हाती येणार एक डॉलर.

त्या डॉलरमध्ये मुळात काय होतं ते पाहू. अमेरिकेने २ एप्रिल १७९२ च्या टांकसाळ कायद्यात डॉलरची व्याख्या केली ती वजनाने: ३७१.२५ ग्रेन चोख चांदी, म्हणजे २४.०६ ग्रॅम. हेही दोन तोळ्यांच्या आसपासच. हुपरीच्या तारेत साडेअकरा मीटर. चांदीने २०२५ च्या ऑक्टोबरात औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडून १९८० चा विक्रम मोडला. त्या ५० च्या भावाने एका डॉलरला चांदी येते ०.६२ ग्रॅम. साडेअकरा मीटरची तार ३० सेंटिमीटर झाली, शाळेच्या पट्टीएवढी. तिच्या होतील ३२ कड्या. बाळाच्या वाळ्यालाही त्या पुरायच्या नाहीत.

कुणी म्हणेल, मग डॉलर चांदीशी बांधलेलाच ठेवायचा होता. ठेवता आला नसता. हे मत नाही, साधा त्रैराशिकाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सुमारे २.३ लाख कोटी डॉलरच्या नोटा-नाणी आज जगात फिरताहेत. प्रत्येक डॉलरमागे १७९२ च्या कायद्यातली २४ ग्रॅम चांदी ठेवायची म्हटली तर साडेपाच कोटी टन चांदी लागेल. जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला काढतात सुमारे साडेपंचवीस हजार टन. या वेगाने जमवायला २,१०० हून अधिक वर्षं जातील. सातवाहनांनी पैठणला राज्य करताना खणायला सुरुवात केली असती तर आत्ता कुठे संपत आलं असतं. आणि माणसाने इतिहासाच्या आरंभापासून आजवर जमिनीतून काढलेली सगळी चांदी? सतरा-अठरा लाख टन. ती वितळवून एकच ठोकळा केला तर त्याची बाजू भरते ५५ मीटर. अठरा मजली इमारतीएवढा उंच, तेवढाच रुंद, तेवढाच लांब. योआखिमस्टालचे टालर, पेरूच्या डोंगरातली चांदी, पेशव्यांच्या खजिन्यातले रुपये, हुपरीचं प्रत्येक पैंजण, सगळं त्यात आलं. नोटांना लागेल त्याच्या तिसावा हिस्साही तो ठोकळा नाही.

नोटा म्हणजे तर चिल्लर. २०२४ च्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या कर्जाने ३६ लाख कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. तेवढी रक्कम मूळच्या चांदीच्या डॉलरांत फेडायची ठरली तर लागतील ८६ कोटी ६० लाख टन. घनतेने भागलं की आठ कोटी २६ लाख घनमीटर. हा आकडा कोल्हापूरकराला टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगितला तर लगेच कळेल: जवळजवळ तीन टीएमसी. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. म्हणजे राधानगरीतलं पाणी सोडून द्यायचं आणि तिथे एक तृतीयांशाहून जास्त घट्ट, चोख, शंभर टंचाची चांदी ओतायची. ही फक्त सरकारची उधारी झाली. अमेरिकी बँकांतल्या ठेवी आणि तिथल्या माणसांची घरकर्जं यात धरलेली नाहीत.